निवळगडाचा दरवाजा

कोल्हापूर
४ जुलै २०२४

आदरणीय सर,

सप्रेम नमस्कार. रत्नव्वाकाकूंना फोन केला होता. तुमच्या कानातल्या यंत्राचा आता काही उपयोग होत नाही आणि तुम्ही ते कपाटात टाकून दिलंय, असं त्या म्हणाल्या. म्हणून पूर्वीसारखं पत्रच लिहितेय. काकूंमार्फत फोनवर सांगावं असं हे कामही नाही.

माझी विद्यार्थिनी स्नेहल तुम्हांला आठवत असेल. गेल्या दिवाळीत तिला घेऊन मी गडहिंग्लजला आले होते. तिचा विषय म्हणजे कंपनी सरकारच्या काळातल्या आपल्या भागातल्या किल्ल्यांची युद्धं आणि तह. ती निवळगडच्या पायथ्याच्याच गावची. किल्लेदार बयाजीराव तीन दिवस दरवाजा लढवून शेवटी कड्यावरून उडी घेऊन मरण पावले, ही कथा ऐकतच ती लहानाची मोठी झाली. तुमचं पुस्तक तिला पाठ आहे. गावातल्या बयाजीरावांच्या पुतळ्याखाली कोरलेली वाक्यं तुमचीच, हे तिनंच मला अभिमानानं सांगितलं होतं.

गेल्या आठवड्यात दफ्तरखान्यातल्या एका रुमालात, म्हणजे कापडात बांधलेल्या जुन्या कागदांत, तिला एक मोडी पत्र सापडलं. त्यावर बयाजीरावांचा शिक्का आहे. पत्र कंपनीच्या साहेबाला लिहिलंय. "आम्हांस व आमचे मुलांमाणसांस कौल मिळावा, दरवाजा पहाटे मोकळा होईल." साहेबानं कौल दिला, म्हणजे जिवाची हमी दिली. त्याच रुमालात पुढं धारवाडहून आलेला एक कागद आहे. त्यावरून बयाजीराव तिथं आणखी अकरा वर्षं जगले असं दिसतं.

आणि सर, गडावरच्या ज्या चाळीस शिपायांना या व्यवहाराचा पत्ता नव्हता, ते दरवाजात लढले. पकडल्यावर त्यांना तिथंच रांगेत उभं करून गोळ्या घातल्या. त्या चाळीस जणांची नावनिशीवार यादी साहेबानं केली होती. सतरावं नाव स्नेहलच्या घराण्यातलं आहे.

पत्राची प्रत सोबत पाठवतेय. शिक्का खरा वाटतो का, ते कळवा. तुमच्याइतका मोडी ओळखणारा माझ्या माहितीत दुसरा नाही.

आपली
प्रियदर्शनी


गडहिंग्लज
११ जुलै २०२४

चि. प्रियदर्शनी,

अनेक आशीर्वाद. प्रत पाहिली. शिक्क्याची उजवी कड मला संशयास्पद वाटते. त्या काळात फितुरी दाखवायला शत्रूकडून असले कागद बनवले जात. एका कागदावर पावणेदोनशे वर्षांची श्रद्धा मोडू नये.

पोरगी हुशार आहे, पण हुशार पोरांना थांबायचं कुठं ते कळत नाही. ते गाईडनं सांगायचं असतं. हा कागद तिनं आणखी कुणाला दाखवलाय का? दाखवला नसेल तर दाखवू देऊ नकोस.

काकूंनी तुझ्यासाठी शेंगाचटणी केली आहे. येणारा माणूस मिळाला की पाठवते म्हणते.

तुझा
वीरभद्र पट्टणशेट्टी


कोल्हापूर
२ ऑगस्ट २०२४

आदरणीय सर,

तुमचं पत्र यायला दोन दिवस उशीर झाला. तोवर स्नेहलनं एका चर्चासत्रात निबंध वाचला होता. पडद्यावर दाखवलेल्या कागदाचा कुणीतरी फोटो काढला आणि संध्याकाळपर्यंत तो निवळगडच्या प्रत्येक फोनवर पोचला. खाली लिहिलं होतं, 'आपल्या किल्लेदाराला फितूर म्हणणारी बाई ओळखा.'

काल धैर्यशील विभागात आले होते. पुतळ्याच्या स्मारक समितीचे अध्यक्ष, बयाजीरावांचे वंशज, शिवाय स्नेहल तासिका तत्त्वावर शिकवते त्या कॉलेजच्या संस्थेतही त्यांचा शब्द चालतो. आवाज चढवला नाही. चहाला हो म्हणाले. म्हणाले, "मॅडम, पोरगी आमच्याच गावची हाय. आकारामची लेक. तिच्या वाटंत आमी कशाला येऊ? पर तुमी गाईड हाय न्हवं? वळण लावायचं काम तुमचं."

मी म्हटलं, "कागद दफ्तरात आहे. कुणीही जाऊन पाहावा."

"कागदाला काय, कागद जळतो की," असं म्हणून ते हसले. उठताना दारात थांबले. "तुमची मोना नववीत हाय ना? पाचला शाळंच्या फाटकाबाहेर उभी असती रिक्षासाठी. येताना बघितली. गोड हाय पोरगी."

सर, एवढंच. यात धमकी कुठं आहे, असं कुणी विचारलं तर मला दाखवता येणार नाही. पण ते गेल्यावर मी कपबशी उचलायला गेले. कपात चहा तसाच होता, त्यांनी घोटही घेतलेला नव्हता.

आजपासून मोनाला मीच आणायला जाते. तिनं कारण विचारलं तर रिक्षावाल्याची तब्येत बरी नाही म्हणून सांगितलं.

काय करू?

आपली
प्रियदर्शनी


गडहिंग्लज
९ ऑगस्ट २०२४

चि. प्रियदर्शनी,

प्रबंधातलं ते प्रकरण काढून टाक. पोरीला पदवी मिळू दे, नोकरी लागू दे. पुढं कधी वारं बदललं तर पुस्तक लिहील. धैर्यशीलच्या वडिलांना मी ओळखत होतो. त्या घराला नाही म्हणणं सोपं नसतं.

तुझा गाईड म्हणून सांगतो, विनंती नव्हे. मोनाला जप.

वीरभद्र


कोल्हापूर
१० सप्टेंबर २०२४

आदरणीय सर,

तुमचं ऐकलं. स्नेहलला समोर बसवून सांगितलं, की चौथं प्रकरण काढ. कारणं दिली, शिक्का संशयास्पद आहे, सरांचंही तसंच मत आहे. ती म्हणाली, "मॅडम, शिक्का खोटा असला तर यादी बी खोटी का? चाळीस माणसं खोटी? आमच्यातला एक हाय त्यात. त्याचं नाव मी कुठं ठेवू?"

"पुढं कधीतरी," असं मी म्हणाले. तिनं मान हलवली आणि आठ दिवसांत प्रबंध आणून दिला. चौथं प्रकरण त्यात नाही. प्रबंध व्यवस्थित आहे, तळटीपा चोख आहेत, पण तो उघडावासा वाटत नाही.

एवढं करूनही काही थांबलं नाही. गावातल्या दूधसंस्थेनं तिच्या वडिलांचं दूध घेणं बंद केलंय. आकारामदादा किटल्या घेऊन रोज सकाळी रांगेत उभे राहतात. मापं घेणारा त्यांना वगळून मागच्याला पुढं बोलावतो. ते दूध परत घरी आणतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा जातात. स्नेहल म्हणते, "आबा भांडले असते तर बरं वाटलं असतं."

तिचे तासही काढून घेतले. परवा माझ्या स्कूटरच्या डिकीवर कुणीतरी खिळ्यानं 'फितूर' असं कोरून गेलं. रंगाऱ्याकडं न्यायला हवी, पण तो कुणाला सांगेल याचीही भीती वाटते. गाडीवर ओढणी टाकून फिरते.

पुढच्या आठवड्यात दफ्तरखान्यात जाऊन मूळ शिक्का स्वतः बघणार आहे. तो खोटा आहे अशी माझी खात्री झाली, तर निदान स्नेहलच्या नजरेला नजर देता येईल.

आपली
प्रियदर्शनी


कोल्हापूर
१९ सप्टेंबर २०२४

सर,

शिक्का खरा आहे. आणखी दोन जाणकारांना दाखवला. उजवी कड झिजलेली आहे, आणि बयाजीरावांच्या त्याआधीच्या चार पत्रांवरही ती तशीच झिजलेली आहे.

रुमालात वाचकांच्या नोंदीची एक जुनी चिठ्ठी आहे. तिच्यावर माझ्याआधी दोनच सह्या आहेत. खालची स्नेहलची. वरची तारीख १९ नोव्हेंबर १९८७. तुमचं पुस्तक १९८८ सालचं.

त्या सहीतल्या 'ट्ट'ची शेपटी ओळीखाली लांब ओढलेली आहे. अशी सही माझ्या स्वतःच्या प्रबंधाच्या पहिल्या पानावर आहे.

मी कुणालाही सांगितलेलं नाही. स्नेहलनंही ती चिठ्ठी पाहिली असणार, पण तिला तुमची सही ओळखू येणार नाही.

सर, ते तुम्हीच का?

प्रियदर्शनी


गडहिंग्लज
२४ ऑक्टोबर २०२४

चि. प्रियदर्शनी,

पाच आठवडे झाले. रोज कागद पुढं घेतो. रत्नव्वा विचारते, कुणाला लिहिताय? मी सांगतो, विद्यापीठाला.

मीच तो.

पुस्तक लिहून झालं होतं. छापायच्या आधी एकदा सगळं दफ्तर पाहून घ्यावं म्हणून मी गेलो. त्याच्या दोन महिने आधी, पुतळ्याच्या अनावरणाला, गावानं मला हत्तीवर बसवायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. दारोदारी ओवाळलं. म्हाताऱ्या बायका पाया पडल्या, "मास्तर, आमचा राजा तुमी परत आणला," म्हणाल्या. मी तेव्हा चव्वेचाळीसचा. सरहद्दीवरचा, घरात कानडी बोलणारा मास्तर. कोल्हापुरात मला कुणी आपला म्हणत नव्हतं. त्या दिवशी म्हटलं.

आणि मग हा रुमाल उघडला.

पत्र वाचलं, यादी वाचली. सगळी चाळीस नावं वाचली. रुमाल बांधला आणि शिपायाला परत दिला. बाहेर येऊन शिवाजी पुतळ्यापाशी एसटीची वाट बघत उभा राहिलो तेव्हा घामानं शर्ट भिजला होता, नोव्हेंबर असून. त्या दिवशी मला कुणीही धमकी दिली नव्हती, प्रियदर्शनी. तुझ्यासारखं माझ्या दारात कुणी आलं नव्हतं. ते मी माझ्या मनानं केलं.

शिक्क्याबद्दल तुला खोटं लिहिलं. तुझ्या मोनाच्या भीतीचा मी माझ्यासाठी उपयोग करून घेतला. हे जास्त वाईट आहे.

यापुढं तू मला सर म्हणू नकोस.

वीरभद्र


कोल्हापूर
३ नोव्हेंबर २०२४

सर,

दुसरं काही म्हणायला जीभ वळत नाही, म्हणून सर.

स्नेहलला बोलावून चौथं प्रकरण परत घालायला सांगितलं. तिनं कारण विचारलं नाही. पिशवीतून प्रकरण काढून टेबलावर ठेवलं. ते ती रोज सोबत घेऊन फिरत होती. काल मी सही करून प्रबंध सादर केला.

मोनाला सांगलीला माझ्या बहिणीकडं पाठवलंय. शाळेचं वर्ष तिथंच पुरं करेल. बसमध्ये बसताना म्हणाली, "रिक्षावाले काका अजून बरे झाले नाहीत का?" तिला कधीचंच सगळं कळलेलं होतं.

तुमच्याबद्दल मी स्नेहलला काही सांगितलेलं नाही. सांगणारही नाही. ते तुमचं तुम्ही ठरवा.

प्रियदर्शनी


कोल्हापूर
७ मार्च २०२५

सर,

चार महिन्यांनी लिहितेय, कारण लिहिणं भाग आहे. दोन्ही परीक्षकांचे अहवाल चांगले आले. १८ मार्चला सकाळी अकराला खुली मौखिक परीक्षा आहे. खुली म्हणजे कुणालाही येता येतं. समितीनं गावातून साठ माणसं आणायला दोन गाड्या ठरवल्यात. चौकात फलक लागलाय, 'किल्लेदारांच्या बदनामीला उत्तर द्यायला ज्येष्ठ इतिहासकार वीरभद्र पट्टणशेट्टी सर स्वतः येणार.' तुमचा फोटोही आहे, पुतळ्याच्या अनावरणाच्या दिवशीचा, फेटा बांधलेला.

तुम्ही त्यांना हो म्हणालात का? काकू फोन उचलत नाहीत.

येऊ नका, सर. तुम्ही तिथं उभं राहून शिक्का खोटा म्हणालात, तर त्या नोंदीच्या चिठ्ठीचा फोटो माझ्याकडं आहे. तो मला बाहेर काढावा लागेल. तो न काढता बसले तर स्नेहल बुडेल. मला यातलं काहीच करायचं नाही. आठ दिवस अन्न गोड लागत नाही. त्या साठ माणसांपेक्षा मला तुमच्या येण्याची जास्त भीती वाटतेय.

प्रियदर्शनी


कोल्हापूर
२० मार्च २०२५

सर,

तुम्ही बोलून खाली बसलात आणि काकू तुम्हांला हाताला धरून थोड्याच वेळात बाहेर घेऊन गेल्या. तुम्हांला काहीच ऐकू आलं नसणार, म्हणून जे झालं ते लिहितेय.

धैर्यशीलांनी तुमच्या गळ्यात हार घातला तेव्हा मी पर्समधला तो फोटो मुठीत धरला होता. तुम्ही उभे राहिलात आणि ऐकू न येणारी माणसं बोलतात तशा मोठ्या आवाजात म्हणालात, "हा कागद खरा आहे. मी तो सदतीस वर्षांपूर्वी वाचला आणि लपवला. पुतळ्याखालची वाक्यं माझी आहेत आणि ती खोटी आहेत. ह्या पोरीचं बरोबर आहे." हार काढून खुर्चीवर ठेवलात आणि बसलात.

मग मागून एकजण ओरडला, "म्हाताऱ्याला फितवलंय! किती दिवस गप बसला हुता?" खुर्च्या पडल्या. दोघंतिघं पुढं धावले. स्नेहल फळ्याला पाठ लावून उभी होती. बाहेरचे परीक्षक टेबलामागं उभे राहिले. मी मधे गेले. काय करणार होते, मलाच ठाऊक नाही.

पण धैर्यशीलांनीच हात आडवा घातला. ते तुमच्यासमोर आले आणि हळू आवाजात विचारलं, "सर, आमच्या वडलांना ह्ये ठावं हुतं?"

तुम्ही त्यांच्याकडं बघून होकारार्थी मान हलवलीत. मग काकूंनी तुम्हांला नेलं.

तुम्हांला प्रश्न ऐकू आला होता का, सर? कारण त्या मान हलवण्यानंतर धैर्यशील मटकन खालीच बसले. ओरडणारे त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले.

तेव्हा शेवटच्या रांगेतून आकारामदादा उठले. मला वाटलं, लेकीला घेऊन जाणार. म्हणाले, "चाळीस जण हुते म्हणताय न्हवं? मग नावं वाचा की. आलोय तर ऐकून जाऊ."

स्नेहलनं वाचायला सुरुवात केली. नवव्या नावाला ओरडणाऱ्यांतलाच एकजण म्हणाला, "थांब, थांब. परत वाच. ह्यो आमच्या भावकीतला हाय." तिनं परत वाचलं. पुढं आणखी दोघातिघांनी थांबवलं. सतराव्या नावाला दादांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. पंधरावीस जण मधेच उठून शिव्या देत गेले, तेही खरं. बाकीचे शेवटपर्यंत बसले.

पदवीची शिफारस झाली.

सगळं निवळलं असं समजू नका. काल माझ्या स्कूटरचे दोन्ही टायर कापलेले होते. दूधसंस्थेनं आजही दादांचं दूध घेतलं नाही. मोनाला मी अजून परत आणलेलं नाही.

प्रियदर्शनी


गडहिंग्लज
२९ मार्च २०२५

चि. प्रियदर्शनी,

ऐकू आलं नाही. पण धैर्यशीलचं तोंड बघून प्रश्न कळला. मान मी मुद्दाम हलवली. १९८७ साली दफ्तरातून आल्यावर मी त्याच्या वडिलांना सांगितलं होतं. ते म्हणाले, "मास्तर, गावाला माणूस लागतो. कागद घेऊन काय करू?" त्यांच्या आज्ञेत राहिलो असं स्वतःला सांगत आलो. पण त्यांनी मला आज्ञा केली नव्हती. विचारायला मीच गेलो होतो, त्यांनी नाही म्हणावं म्हणून.

समितीनं बोलावलं तेव्हा मी लगेच हो म्हटलं. सांगायला तीच जागा होती, ज्यांच्याशी खोटं बोललो ती माणसं जिथं असतील ती. रत्नव्वाला गाडीत सांगितलं. घाट उतरल्यावर ती म्हणाली, "एवढी वर्षं माझ्या शेजारी कसे झोपलात?"

मला कधीही धैर्यशीलच्या माणसांची भीती वाटली नाही. या वयात कोण काय करणार? तू पहिल्यांदा माझ्याकडं आलीस तेव्हा बावीस वर्षांची होतीस. मी बोललेलं एकेक वाक्य वहीत उतरवून घ्यायचीस. तसं माझ्याकडं दुसरं कुणी कधी बघितलं नाही. जुलैमध्ये तुझं पाकीट उघडलं आणि ती प्रत बाहेर आली, तेव्हा पहिलं मनात आलं ते हेच, की आता ती तसं बघणार नाही. त्या भीतीनं शिक्का खोटा ठरवला.

उत्तर नाही दिलंस तरी चालेल.

वीरभद्र


कोल्हापूर
३ एप्रिल २०२५

सर,

तसं मी आता बघू शकत नाही. तुम्हांला खोटं लिहिणार नाही.

पण सप्टेंबरात मी स्नेहलला प्रकरण काढायला लावलं. तेव्हा माझ्याकडं मोनाचं कारण होतं, आणि ते खरंही होतं. तरी त्या दिवशी ती नुसती मान हलवून गेली, तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं. तुम्हांला एसटीची वाट बघताना घाम तरी आला. मी त्या दिवशी व्यवस्थित जेवले. तुमचा न्याय करायला मी बसणार नाही.

धैर्यशील काल स्नेहलच्या घरी आले होते. एकटेच. उंबऱ्याबाहेर उभे राहून यादीची एक प्रत मागितली. कशाला हवी ते सांगितलं नाही. आकारामदादांनी दिली. त्या प्रतीचं काय होईल, याची तिला भीती वाटतेय. मलाही वाटतेय.

येत्या रविवारी दुपारी आम्ही दोघी गडहिंग्लजला येतोय. काकूंना सांगा, जेवण करून येऊ. स्नेहलला तुम्हांला एक विचारायचंय. चाळीस नावं वाचून रुमालाची गाठ बांधण्याआधी तुमचा हात कुठल्या नावापाशी थांबला होता का, एवढंच. तिनं ते कागदावर लिहून ठेवलंय, तुम्हांला वाचता यावं म्हणून मोठ्या अक्षरात.

प्रश्न मऊ करून दे, असं मी तिला सांगितलेलं नाही. उत्तर मलाही ऐकायचंय.

प्रियदर्शनी